चपला घातलेलं अक्षर

मंडळी, वहिनी, मेघना... बोलायला उभा राहिलोय, पण फार वेळ घेणार नाही. दत्ता असता तर म्हणाला असता, अरविंद, आटप, बोर्ड वाचायला लागतो तेवढाच वेळ माणसं ऐकतात.

आपला दत्ता पेंटर. इथे बसलेल्या कितीतरी जणांच्या दुकानांची नावं त्यानेच रंगवली. आमची भिंतीला भिंत. सुट्टीच्या दिवशी मी त्याच्याबरोबर जायचो, रेघ मारायच्या सुताचं दुसरं टोक धरायला. तुझी लायकी तेवढीच, असं गिऱ्हाइकासमोर सांगायचा मेला.

डोंबिवलीत गाळे अरुंद आणि नावं लांबलचक. वर मालकाचा हट्ट, नाव लांबून दिसलं पाहिजे. म्हणून दत्ताने ते अक्षर काढलं. जाडजूड, एकमेकांना खेटून उभं, आणि इंग्रजी असो की मराठी, प्रत्येक दांडीच्या तळाला एक चौकोनी पट्टी. जुन्या सर्कशीच्या जाहिरातीत असायचं ना, तसं. त्या पट्ट्यांना तो चपला म्हणायचा. शीळफाट्याच्या ढाब्याचा बोर्ड आठवा. गाडी कितीही जोरात असू दे, नाव वाचून व्हायचंच.

पण त्याचा एक नेम होता. श्रद्धांजलीचा बोर्ड आला की अक्षर तेच, चपला मात्र नाहीत. मी शिडी धरून उभा होतो, तेव्हा एकदा विचारलं. वरून म्हणतो, "अरे, मयताच्या घरी चपला बाहेर काढतोस ना? मग अक्षरांनी नको काढायला?"

गेल्या वर्षी मेघनाने त्या अक्षराचा कॉम्प्युटरवर फॉन्ट केला. काय भांडली बापलेक! सगळ्या चपला एकाच मापाच्या कशा, म्हणून हा रुसून बसलेला. मग माजिवड्याच्या एका मिठाईवाल्याने तोच फॉन्ट बोर्डाला घेतला, तर मला ओढत बघायला घेऊन गेला. रस्त्यापलीकडे उभा राहून बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, बरा आहे. दत्ताच्या तोंडून बरा म्हणजे, मंडळी, पेढे वाटायची गोष्ट. आम्ही तिथेच घेतले.

परवा हा मागचा बोर्ड करायला बसलो आणि मेघनाचं नि माझं वाजलं. मी म्हणालो, तुझ्या बाबाचा नेम आहे, सगळी अक्षरं अनवाणीच हवीत. ती म्हणाली, काका, ज्या अक्षरात बाबांनी अख्ख्या गावाची नावं लिहिली, त्यात त्यांचंच नाव नको? आता तुम्हीच सांगा, चूक कोणाची? दोघंही हट्टाला पेटलेलो. दोघंही रडलो. शेवटी वहिनी आतून आल्या. "भेटायला येणाऱ्यांनी काढायच्या असतात चपला," त्या म्हणाल्या. "निघालेला माणूस घालूनच जातो."

मग बोर्ड तसाच केला.

आता बघा मागे. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', अनवाणी. खाली दत्ताचं नाव, चांगल्या जाड चपला घालून.

आपल्या सगळ्यांच्या तिकडे दाराबाहेर पडल्यात. चला, असेच अनवाणी जरा उभे राहू या, न बोलता.

सावकाश जा रे, दत्ता.