ग्रहणात झाकलेली फिशटँक

तुमच्याकडे ग्रहणात पाण्याचे गुंड-हंडे झाकतात ना? आमच्या मायनं माझी फिशटँक झाकली.

सूर्यग्रहण होतं दुपारचं. मी बाहेरून आलो तर टँकवर जाड वाकळ, बल्ब बंद, हवेचा पंप बंद. वाकळ उचलली. वर तुळशीची पानं तरंगत होती आणि सगळे मासे त्यांच्यामधून तोंडं बाहेर काढून हवा गिळत होते.

"माय, पंप काहून बंद केला?"

"ग्रहणात पानी हालवाचं नसते. इतके झाडं हायेत आत, ते देतेत ना हवा?"

"उजेड असन तरच देतेत. अंधारात तेच मासोयाची हवा खाऊन राहिले."

पंपाचं बटण दाबलं. नेमकी गावाची लाइन गेलेली. एक मासा तोवर आडवा झाला.

मायचं माहेर मासे धरणाऱ्यांचं. तिनं वाकून एकदाच पाहिलं आणि म्हणाली, "मासोयाचा तं दम कोंडून राहिला."

सकाळपासून पाण्याचा थेंब न घेतलेल्या बाईनं सरळ टँकमध्ये गडवा बुडवला. भरायचा, हात उंच करायचा, धार परत आत सोडायची. पाण्यात हवा मिसळावी म्हणून अर्धा तास हेच. मी नुसता आडव्या माशाकडे पाहत होतो. शेवटी त्यानं शेपटी हलवली, आणि एकेक करून सगळे खाली गेले.

मी तिथंच फरशीवर बसलो.

ग्रहण सुटलं. माय आंघोळ करून आली, हातात बादली.

"सरक बाजूले. ग्रहणातलं पानी हाय, सारं फेका लागते."