लेसरची आठवी खेप

दाताच्या दवाखान्यात गाल धरून बसलेल्या शिंपीणबाईंच्या कानावर शेजारच्या नवरा-बायकोचं बोलणं पडत होतं. अक्कलदाढ काढताना नवऱ्याची नस दुखावली होती, ओठ बधिर झाला होता. त्यासाठी लेसरची ही आठवी खेप.

"आज तरी काही जाणवतंय?"

"छे. ओठाचं पार लाकूड झालंय."

"बिस्किटाचा चुरा लागलाय. थांबा, पुसते."

"हळू गं. नख लागतंय."

"लागतंय? कधीपासून कळतंय हे?"

"गेल्या मंगळवारपासून."

"आणि मी येडी दिवसातून दहादा तुमचं तोंड पुसतेय."

"तीस वर्षांत इतकी जवळ कधी बसली होतीस?"

"आत जाऊन डॉक्टरांना सांगा, बरा झाला म्हणून."

"सांगतो. पण डावा कोपरा अजून जरा बधिर आहे."

"कुठे? बघू," म्हणत बायको आणखी जवळ सरकली.