एकोणतीस वर्षांचं बाळ

बाप : ...मग हे लाल बाण काय उगीच आलेत? एक नाही, तीन आहेत!

लॅबवाली : दाखवा कागद. आणि आधी बसा, भोवळ येईल तुम्हाला.

बाप : बसायचं नाहीये मला. पांढऱ्या पेशी सोळा हजार दोनशे. शेजारी लिहिलंय, अकरा हजारांपर्यंत हव्यात. माझी मुलगी तीन दिवसांची आहे हो!

आजी : जावईबापू, आवाज खाली. भिंतीपलीकडे माझी लेक झोपलीय. तिला यातलं काही ठाऊक नाही. अगं बाई, पोर जरा पिवळी दिसते म्हणून टाचेतून रक्त घेतलंत ना तुम्ही? हा कागद हातात पडल्यापासून यांनी मोबाईलवर नको नको ते वाचून ठेवलंय.

बाप : रक्ताचा कॅन्सर, आई. सरळ लिहिलंय तिथे.

आजी : जिभेला काही हाड?

लॅबवाली : थांबा जरा. हे वय कोणाचं?

बाप : कुठलं वय?

लॅबवाली : इथे, वरच्या कोपऱ्यात. एकोणतीस.

बाप : बायकोचं.

लॅबवाली : अरे देवा.

आजी : देवाला मग हाक मार. आधी आम्हाला सांग.

लॅबवाली : बाळाला नाव नसतं, म्हणून नमुना आम्ही आईच्या नावावर नोंदवतो. पुढे 'बाळ' लिहायचं आणि वय हाताने बदलायचं. मी वय बदललंच नाही. मशीनला वाटलं, बाई एकोणतीस वर्षांची आहे. तिने मोठ्या माणसाचं माप लावलं.

बाप : म्हणजे रक्त दुसऱ्याचं?

लॅबवाली : रक्त तिचंच, आकडेही खरे. माप चुकलं. थांबा, वय तीन दिवस घालते... हे बघा. या वयाला सोळा हजार अगदी ठीक.

बाप : एकही बाण नाही?

लॅबवाली : एकही नाही.

आजी : एवढीशी पोर, आणि अंगात माझ्यापेक्षा मोठी फौज!

लॅबवाली : फौज मोठी, पण नवखी. तुमच्या पेशींनी सत्तर वर्षांत कितीतरी आजार पाहून लक्षात ठेवलेत, आजी.

आजी : अडुसष्ट.

लॅबवाली : बरं, अडुसष्ट. हिच्या बहुतेक अजून कोऱ्या आहेत, हळूहळू शिकतील. तोवर आईने पोटातूनच आजारांशी लढायची थोडी शिदोरी दिलीय, काही महिने पुरेल. चूक माझी, माफ करा मला. नवा कागद घेऊन मीच डॉक्टरांकडे येते. त्यांच्या तोंडून ऐका, म्हणजे मनात काही राहायला नको.

(थोड्या वेळाने, डॉक्टरांना भेटून तिघंही बाळंतिणीच्या खोलीच्या दारात.)

आजी : ऐकलंत ना? काविळीचंही घाबरण्यासारखं काही नाही म्हणाले. आता डोळे पुसा, नाहीतर माझी लेक उठल्या उठल्या ओळखेल.

बाप : आई, कागद आल्यापासून मी तिला घेतलंच नाही. माझ्याकडून तिला एखादा आजार लागेल, असं वाटलं. ती रडत होती आणि मी इथेच उभा राहिलो.

आजी : पाहिलं मी.

बाप : बोलला नाहीत काही.

आजी : काय बोलू? मीही पाळण्यापासून हातभर लांबच होते.

लॅबवाली : दोघंही हात साबणाने धुवा आणि खुशाल घ्या तिला.

बाप : आई, तुम्ही घ्या आधी.

आजी : नको, तुम्हीच घ्या. मान तेवढी जपून धरा, मी शेजारी आहे.