तेलदऱ्याची गाडी रिकामी नव्हती

माझं माहेर घाटनांदूरच्या अंगाला. नाव सुमन. आई-बाप दोघंबी ऊसतोडीचे, दसरा झाला की कोयता घेऊन कारखान्यावर जायचे ते उन्हाळ्यातच माघारी यायचे, आन मला चुलतीपाशी ठेवून जायचे, कावून की मला शाळेचं येड व्हतं. शाळा लांब, गाडी न्हाई, मंग पायी. बारावी मी पायी केली असं सांगते लोकान्ला. लगीन झालं सिरसाळ्याला, मालक गवंडी, सासरा तापट पन मनाचा साफ. कंडक्टरची भरती निघाली तवा सासू म्हनली बाईमानूस गर्दीत हुभं ऱ्हानार, लोक काय म्हनतील, तर सासरा म्हनला ऊस तोडन्यापरीस तिकीट फाडनं कधीबी बरं, भर फारम. भरला, लागले. खाकी साडी नेसून पयल्या दिवशी घराबाहीर पडले तवा आळीतल्या बाया दारात येऊन बघत व्हत्या, आन मला काय लाज न्हाई वाटली बगा, खरं सांगते, लई भारी वाटलं.

यष्टीत इतके वर्सं काढले, मानूस कसं हाय ते मला त्यो गाडीत चढतानाच कळतं. एखादा सगळ्यान्ला कोपर मारून चढतो, एखादा म्हातारीचं गाठोडं आधी वर देतो आन मंग सोता चढतो. आमच्या भागातले ते पुढारी, नाव न्हाई घेत, आमच्याकडं त्यान्ला नुसतं साहेब म्हनतेत, ते माझ्या गाडीत एकदाच चढले, फोटोपुरते, मतदान जवळ आलतं तवा. पायरीवर एक म्हातारी व्हती, तिला साहेबाच्या मानसानं दंडाला धरून बाजूला सारली, आन साहेब वर येऊन हात जोडून हसले. मी तवाच वळखलं.

तर तेलदऱ्याची गाडी. तेलदरा म्हंजे सिरसाळ्याहून आत, डोंगराच्या कुशीला, पुढं रस्ताच न्हाई. तिथले निम्मे घरं ऊसतोडीला जातेत. पयले पोरीबी संगं न्यायचे, फडावर सैपाकाला न्हाईतर धाकटे लेकरं सांभाळायला, आन वयात आली की लगीन. यष्टी सुरू झाली तवापासून पोरी मागं ऱ्हायला लागल्या, आजा-आजीपाशी. सकाळी सिरसाळ्याला शाळा-कॉलेजला जायचं, सांजच्याला माझ्याच गाडीत माघारी. वीस-बावीस पोरी. सगळ्यान्ला फुकटचा पास. डरायव्हर शेखभाई, ते पोरगी येताना दिसली की दोन मिंट थांबायचे, मंग ती चप्पल हातात घेऊन पळत यायची. त्यातली मनीषा, बारावीला, लई हुशार, तिला नर्स व्हायचं व्हतं. तिचा आजा, नाना म्हनायचे त्यान्ला, रोज सोडवायला यायचा आन रोज म्हनायचा, बाई, तुमच्या भरोशावर हाय बरं पोर.

आता माझी चूक ऐका. लपवायची न्हाई मला. पासवालं कोनी चढलं की मशीनवर बटन दाबून नोंद करायची असती, तिकीट निघत न्हाई, नुसता आकडा पडतो. मी दाबत नव्हते. कावून दाबू? रोजच्याच पोरी, त्वांड वळखीचे, चल गं बस गं म्हनायचं, झालं. शाळेची घंटा व्हायच्या आत पोचायचं, तिथं कोन वीस वेळा बटन दाबत बसतो, आन आमच्याकडं समदेच तसं करतेत. पैशाची अफरातफर न्हाई, कोनाचं नुकसान न्हाई, असं वाटायचं मला. दाबलं असतं तर आज ही येळ आली नसती.

झालं काय, साहेबाच्या पुतन्यानं जीपा घेतल्या. माझ्या गाडीच्या धा मिंट आधी जीप तेलदऱ्यात हुभी. तिकीट काढनारे मानसं ती घेऊन जायची, बाजाराचे, दवाखान्याचे. पासवाल्या पोरी तेवढ्या माझ्यासाठी थांबायच्या, कावून की त्यान्ला जीपवाला घेतच नव्हता. म्हंजे गाडी भरलेली, आन मशीनवर दोन न्हाईतर तीन. मला हे ध्यानातच आलं न्हाई. पन कोनाच्या तरी ध्यानात आलं, बरोबर आलं.

एक दिवस डेपोत गेले तर फळ्यावर तेलदऱ्याची फेरी खोडलेली. मॅनेजरला इचारलं, त्यानं कागद फुडं सारला, म्हनला प्रवासी न्हाईत, गाडी रिकामी पळती, वरून सांगावा आलाय. मी म्हनलं रिकामी? पोरी हुभ्यानं जातेत ओ. त्यो म्हनला कागदावर कुठंयत त्या पोरी? तवा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आन तीच गाडी, त्याच येळंची, दुसऱ्या दिवसापासून साहेबाच्या कॉलेजच्या दारात लागली. थांबासुदा गेटच्या आत.

राग कशाचा येतो सांगू का? साहेब काय अंधारात नव्हते. त्यांचा मळा त्याच वाटंला, त्यांची पांढरी गाडी सकाळी आमच्या मागं यायची, भोंगा वाजवत, वाट द्या म्हनून. मागच्या काचेतून पोरींच्या येन्या दिसायच्या त्यान्ला. रोज बघितलेलं मानूस, आन त्यो वरून सांगावा धाडतो, गाडी रिकामी पळती म्हनून. माझी चूक आळसाची व्हती. त्यांची आळसाची नव्हती.

पोरी चार-आठ दिवस जीपमधी गेल्या, पैसे देऊन. जीपमधी कोंबून भरायचे, पोरं मुद्दाम खेटून बसायचे, एका पोरीनं घरी सांगितलं आन घरोघर शाळा बंद. एक तर फडावरच गेली आई-बापाकडं. मी नानाकडं गेले, म्हनलं जरा दम धरा, मी बघते. म्हातारा भडकला न्हाई, नुसता म्हनला, बाई, तुमच्या गाडीवर इस्वास ठेवून पोर ठेवलती, आता मी ह्या वयात रोज सहा कोस कसं चालू तिच्या मागं? पोरीला अठरा पुरे झालेत, स्थळ बी आलंय. मनीषा दारामागं हुभी व्हती, माझ्याकडं बघत.

मी ठरवलं, लिहून द्यायचं की आकडा खोटा हाय, चूक माझी हाय. शेखभाई म्हनले, बाई, लिखके मत देव, वो कागद तुमकोच खाइंगा. साहेबाचा मानूसबी घरी आला, गोड बोलला, की गप ऱ्हावा, स्टँडावरची खुर्चीतली ड्युटी देऊ, उन्हातान्हात कावून फिरता. मालक म्हनले, तू ठरीव. अर्ज दिला, मॅनेजरनं ठेवून घेतला, म्हैना झाला तरी उत्तर न्हाई.

मंग साहेबाचा जनता दरबार भरला सिरसाळ्यात. मांडव, खुर्च्या, अधिकारी वळीनं बसलेले. मी खाकी साडी नेसून गेले, संगं तेलदऱ्याच्या पोरी, पास गळ्यात अडकवून. माईक हातात घेतला, म्हनलं साहेब, मी नोंद केली न्हाई, ही माझी चूक, काय शिक्षा द्यायची ती मला द्या. पन तुमी आमच्या मागून रोज भोंगा वाजवत यायचे, ह्या पोरी तुमी तुमच्या डोळ्यानं बघितल्यात. बघितल्यात का न्हाई, तेवढं सांगा.

मला वाटलं आता हा मानूस खाली बघल. तर ते हसले ओ. अधिकाऱ्याकडं वळून म्हनले, बघा, एका बाईच्या कामचुकारपनापायी माझ्या लेकींचे हाल झाले, हिला घरी बसवा आन गाडी उद्याच चालू करा. टाळ्या पडल्या. माझ्या पोरीसुदा टाळ्या वाजवायला लागल्या, त्यान्ला गाडी मिळाली व्हती, त्यांचं काय चुकलं? मी तिथंच हुभी, माईक तसाच हातात.

तिसऱ्या दिवशी गाडी गेली तेलदऱ्याला. साहेबानं नारळ फोडला, टपावर हार, चौकात हे एवढं बॅनर, लेकींचा कैवारी म्हनून. जीपा अजून पळतेतच, फकस्त मागून पळतेत. पुतन्याला कोनी इचारलं न्हाई, मॅनेजरला न्हाई, सांगावा कोनी धाडला ते न्हाई. चौकशी एकटीची चालू हाय, माझी, आन तवर मला कामावरून घरी बसवलंय. तारखेला जायचं, बाकड्यावर बसायचं, चौकशीचे अधिकारी कामात हायेत म्हनून माघारी यायचं. सासरा आता थकला, पन संगं येतो, म्हनतो एकली जाऊ नगं, चोराच्या उलट्या बोंबा हायेत ह्या.

कोनी इचारतं, बाई, पस्तावा व्हतो का? बोलल्याचा न्हाई व्हत. बटन दाबलं न्हाई त्याचा व्हतो, रोज व्हतो. कावून की गाडी चालू झाली त्याच्या आधी आठ दिवस मनीषाचं लगीन लागलं. परवा तिचा फोन आला, सासरहून, हळू आवाजात. म्हनली मावशी, गाडी चालू झाली म्हनं. म्हनलं हां बाई, झाली. मला वाटलं आता ही मला काय तरी बोलंल, बोलावं बी तिनं, मी ऐकून घेतलं असतं. तर म्हनली, बरं झालं, माझी धाकटी भन औंदा आठवीत गेली, लई भित्री हाय ती, तिला रोज तुमच्याजवळ बसवत जावा. आता तिला काय सांगू, की मी त्या गाडीवर न्हाई म्हनून? बसवते म्हनलं.