बाहेरून लावायचं कुलूप

— नाही नाही, आहे ना, तुम्ही म्हणताय तसलंच आहे, कडी-कोयंड्यासकट देतो — मी फक्त विचारलं, दार कोणतं? कारण त्यावर स्क्रू ठरतो. दार पातळ असलं आणि स्क्रू लांब दिला तर पलीकडून टोक बाहेर येतं, कुणाचा तरी हात फाटतो. आतली खोली? बरं. आतल्या खोलीला लोक बहुतेक करून आतून कडी लावतात, म्हणून आपलं विचारलं. बाहेरून हवी. बाहेरूनच. सामान ठेवायचंय का काही? — बसा ना ताई, त्या स्टुलावर बसा, डगमगतं पण पडत नाही. इतक्या वर्षांत एकदाच पडलं, तेही आमच्या मेहुण्याखाली, आणि त्यात स्टुलाचा काही दोष नव्हता.

काय म्हणालात? आतून उघडता येईल का? — हे मात्र सामानासाठी कुणी विचारत नाही हं. पोती काही कुलूप उघडायला जात नाहीत. दाखवा ती चिठ्ठी. दाराची जाडी, चौकटीची रुंदी, कोयंडा कुठे यावा त्याची उंचीसुद्धा — ही मापं तुम्ही घेतलेली नाहीत. अक्षर तुमचं वाटत नाही. एवढं नीट माप एक तर आम्ही घेतो, नाही तर जो आत जाऊन बसणार आहे तो घेतो. आणि हा तीनचा आकडा बघा कसा थरथरलाय, पेन धरवत नव्हतं त्यांना. कोण, मिस्टर? — वडील. बरं. किती दिवस पीत होते? नऊ दिवस. सलग. आणि आता बंद केलीय, आणि तेच म्हणाले की मला कोंड, चार दिवस कितीही ओरडलो तरी उघडू नकोस. — मला कसं कळलं? कळलं. आमच्या दादानंही माप स्वतःच घेतलं होतं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. हे दुकान त्याचं. माझ्या हातात कानस त्यानंच दिली, आणि पहिलं वर्षभर मी घासलेली प्रत्येक चावी उजेडात धरून म्हणायचा, वा, छान झालीय, आता हिला शोभेल असं कुलूप शोध. त्याला न उघडणारं कुलूप नव्हतं. पाठीमागे हात घेऊन, गप्पा मारत, नुसत्या बोटांनी उघडायचा — लोक बघायला थांबायचे. पण प्यायला बसला की दहा-दहा दिवस. मग महिनाभर काही नाही, शहाण्यासारखा दुकानात, मग पुन्हा. वहिनी कंटाळून माहेरी गेली. शेवटच्या खेपेला तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, मला ठेव तुझ्या मागच्या खोलीत, आणि मला उघडता येणार नाही असं कुलूप बसव. आणि हसला. म्हणाला, जमेल ना रे तुला? — मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. त्या रागात मी आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम केलं. नखानं वाटाण्याची शेंग उघडावी तशी दारं उघडणारा माणूस, त्याच्यासाठी कोयंडा असा बसवला की आतून स्क्रूचं टोकही दिसू नये. त्याची हत्यारं काढून घेतली. पाण्याची कळशी, पेला — काही हवं असलं की दारावर वाजवायला —, चमचा, बादली, दोन चादरी. वहिनीला फोन केला, म्हटलं, आठ दिवसांनी या, नवा माणूस परत देतो.

पहिल्या दिवशी हात कापत होते, घामानं अंथरूण भिजलं, ओकला. मी बायकोला म्हटलं, बरं आहे, आतलं सगळं निघून जातंय. सगळे असंच म्हणतात ना? घाम काढ, झोप काढ, दोन दिवसांत माणूस उभा राहतो. एका रात्रीची चढलेली असते तेव्हा उतरत असेलही तशी — आणि तेव्हासुद्धा एकटं टाकून नाही जायचं, कुशीवर झोपवायचं, श्वास नीट चाललाय का बघत राहायचं, हलवून जागा झाला नाही की उचलायचं आणि दवाखाना गाठायचा. पण हे नऊ-दहा दिवसांचं निराळं. हे मला कुठं माहीत होतं? दुसऱ्या दिवशी आत धाडकन काही पडलं. मी दाराशी गेलो, म्हटलं, दादा? बराच वेळ काही नाही. मग म्हणाला, पलंगावरून घसरलो. जीभ जड. तोंडात रक्त असणार, मी बघितलं नाही, मी दार उघडलंच नाही. ती फीट होती असं डॉक्टर नंतर म्हणाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो भिंतीवरच्या मुंग्या झटकत होता. आमच्या भिंतीवर मुंग्या नव्हत्या. मला अण्णा म्हणून हाका मारायला लागला — अण्णा म्हणजे वडील, जाऊन अकरा वर्षं झाली होती. मी म्हटलं, नाटकं. प्यायला मिळावी म्हणून माणूस काय वाटेल ते करतो, हे मी ऐकून होतो. मग खरवडल्याचा आवाज आला. चमच्यानं दार खरवडत होता. मी मनात म्हटलं, घे, उघड आता. आणि मग लक्षात आलं, ताई — तो बिजागरीच्या बाजूला खरवडत होता. कुलूप डावीकडे, आणि हा उजवीकडे. दादा. ज्याला अंधारात नुसता हात फिरवून कळायचं की दाराचा जीव कुठंय. तेव्हा मला कळायला हवं होतं. कळलंच होतं. मी तिथं उभा राहिलो, किल्ली खिशात होती, आणि दुकानाची वेळ झाली म्हणून निघून आलो.

साधा बुधवार होता. असंच ऊन, समोर असंच कुणी तरी गाडी धूत होतं. एका शाळेच्या शिपायाला वर्गाच्या तीन चाव्या करून हव्या होत्या. दोन झाल्या आणि बायकोचा फोन आला — भाऊजी पेला वाजवत नाहीत, हाक मारली तर ओ देत नाहीत. मी म्हटलं, झोपला असेल, दोन रात्री डोळा लागलेला नाही, झोपू दे. आणि तिसरी चावी केली. तिची कड घासली, गुळगुळीत केली, पुन्हा घासली. शिपाई म्हणाला, पुरे हो, दाराला लावायचीय, बोटात घालायची नाहीये. मग मी घरी गेलो. कुलूप काढलं. आत बघितलं. — आणि आधी स्क्रू काढले. कडी, कोयंडा, सगळं काढलं, भोकांत मेण भरलं, मग हाका मारल्या. शेजारी आले तेव्हा दार साधं दार होतं.

हे मी का सांगतोय तुम्हाला? तुम्ही कुलूप घ्यायला आलात.

डॉक्टर म्हणाले, इतके दिवस सलग पिणाऱ्याची एकदम बंद केली की शरीर बिथरतं, आणि त्यात माणूस जातो. दवाखान्यात हेच चार-पाच दिवस औषधं देऊन, नजर ठेवून काढतात. बहुतेक माणसं यातून उठतात, म्हणाले. उठतात, ताई. वेळेवर नेलं तर. दादाला कुणी नेलंच नाही.

तुमच्या वडिलांची शेवटची कधी? काल सकाळी. म्हणजे दीड दिवस होत आला. थरथर आहेच. घाम? ताप? — अंगाला हात लावला का तुम्ही? लावू देत नाहीत. का? ... काय म्हणालात? मोठ्यानं सांगा. कपाटापाशी बाई बसलीय, तिला जेवायला वाढ म्हणतात. आणि कपाटापाशी कुणी नाही. — आणि तुम्ही इथं बसलाय? मी बसवलं, हो, मीच बसवलं, उठा. त्यांच्यापाशी कोण आहे आत्ता? कुणीच नाही. दार? ताई, दाराचं काय केलंत? — दोरीनं बांधून आलात.

फोन काढा. अँब्युलन्सला लावा, माझ्यासमोर लावा. सांगा, नऊ दिवस पीत होते, काल सकाळपासून बंद, नसलेलं माणूस दिसतंय. लाजू नका, सगळं सांगा, काय पीत होते, किती, कोणत्या गोळ्या घेतात. नाही, थोडी पाजून बघू का ते मला विचारू नका आणि मनानं पाजूही नका, फोनवरच्या माणसाला विचारा, डॉक्टरला विचारा. घरातली झोपेची गोळी तर मुळीच नको. पोचलात की आधी ती दोरी सोडा. दिवा लावा, जवळ बसा, वाद घालू नका, कपाटापाशी कुणी नाही हे पटवत बसू नका. फीट आली तर दाबून धरायचं नाही, तोंडात काही घालायचं नाही, आजूबाजूचं टणक सामान बाजूला करायचं, थांबली की कुशीवर. शेजारी कुणी असेल तर त्याला आत्ताच फोन करून आत जायला सांगा. — आणि डॉक्टरला दोरीचंही सांगा. तुम्हाला बोल लावला तरी सांगा. मी डॉक्टरला म्हटलं होतं, दार उघडंच होतं, डोळा लागला असं वाटलं.

लागला फोन? बोला. चालता चालता बोला. कुलूप नाही मिळणार, आज नाही, उद्याही नाही, दुसऱ्या दुकानातही जाऊ नका. जा. माझ्याकडे काय बघताय, जा!

दार उघडं होतं असंच वहिनीला माहीत आहे. सात वर्षं झाली. मी तिला सांगितलेलं नाही.