चौथी फळी

कराटेच्या बेल्ट परीक्षेच्या रांगेत माझ्यापुढे एक मुलगी आणि तिची आत्या उभ्या होत्या.

"अगं, फळी उलटी धरलीस. सरांनी किती वेळा सांगितलंय!"

"माहितीये गं आत्या. मागची बाजू बघत होते. बाबांनी पेन्सिलीनं 'चार' लिहिलंय."

"सुतारच तो! आकडा घातल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही."

"दर बेल्टला एक, अशा चारच कापून जहाजावर कामाला गेले. म्हणाले, फळ्या संपायच्या आत येतो."

"येईल गं. तू आधी इकडे लक्ष दे. तीन तुटल्या, तशीच हीपण एका फटक्यात तुटली पाहिजे. हात आखडता घेऊ नकोस."

"आत्या..."

"आता काय?"

"आज नाही तुटली, तर पुढच्या वेळी हीच आणता येते ना?"