तक्रार नसलेली वस्ती

अगं, नगरपालिकेनं मला आमच्या वस्तीची संपर्कताई म्हणून नेमलं, तवाची गोष्ट. वस्तीचं म्हणणं ऐकायला आलेल्या पालिकेच्या साहेबांना मी थेट गोदाआजीच्या दारात नेलं. रोज माझं डोकं खाणारी म्हातारी साहेबांपुढं म्हणते, "समदं बेस हाय!" पाव्हण्यापुढं गाऱ्हाणं मांडायचं न्हाय, ही तिची रीत. मी डोळे वटारले, तरी ढिम्म. साहेबांनी 'तक्रार नाही' लिहिलं अन् उठले.

"च्या घेतल्याबिगर जायचं न्हाय!" आजीनं बसवलंच.

तासभर झाला, च्याचा पत्ता न्हाय. साहेब कंटाळले. "आजी, अजून किती वेळ?"

"येईलच आता सून. पाणी आणाया रेल्वे फाटकापल्याड गेलीया."

साहेबांनी 'तक्रार नाही' खोडलं.

आजी भडकली, "खोडता कशाला? आमची कुठं तक्रार हाय?"